आधी रूळ, मग ओटी

गावात अजूनबी कोणी कोणी म्हणतं, त्या साली गंगा कोपली होती. म्हणू द्या. गंगेला उलटून बोलता येत न्हाई, म्हणून तिच्या माथी काहीबी मारता येतं. मला बोलता येत होतं, अन् मी दहा महिने तोंड शिवून बसले. हा माझा दुसरा गुन्हा. पहिला त्याच्या आधीचा. दोन्ही सांगते, पण मधीच "जाऊ द्या हो, होतं असं" म्हणू नका. तसं म्हणणाऱ्यांचा मला लय राग येतो.

आमचं गाव चुडावा ठेसनापासून दोन कोसांवर, गंगेच्या काठाला. गंगा म्हणजे गोदावरी. गोदावरी म्हणणारे आमच्याकडं फक्त शाळेतले मास्तर. गाव उंचावर हाय. घाटाच्या वर महादेवाचं देऊळ, अन् देवळाला लागून आमचं घर अन् दुकान. गावाच्या खालच्या अंगाला ओढा, ओढ्याच्या पलीकडं बौद्धवाडा, पन्नासेक घरं. गंगा चढली की ओढ्यात उलटं पाणी घुसायचं. ते एकदा घुसलं की वाड्यातून गावात यायला वाट न्हाई, अन् वाड्याच्या मागचं रानबी पाण्याखाली. वाड्यातून गंगेचं पाणी दिसायचं न्हाई, मधी बाभळी. घाटाच्या वरच्या दोन-चार पायऱ्या तेवढ्या दिसायच्या.

पूर्वी पुराची हाळी देणं हे येसकराचं काम. वाड्यातल्या लिंबाजी मास्तराचा बाप अन् त्याच्या आधी आजा, पावसाळ्यात घाटावर घोंगडी पांघरून बसायचे. पाणी चढलं की गावभर फिरून सांगायचे, गंगा आली, गुरं सोडा, धान्य वर घ्या. बदल्यात काय, तर शिळी भाकर, तीबी वरून टाकलेली. छप्पन साली त्या लोकांनी बुद्धाचा धर्म घेतला अन् गावकीची सगळी कामं सोडली. बरोबर केलं. आमच्या सासूसारखी माणसं मात्र पुढं कैक वर्षं बोटं मोडायची, की आता गंगा आली तर सांगायचं कोणी? आपणच उठून घाटावर जाऊन बघावं, हे एकाच्याबी डोक्यात आलं न्हाई.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. गंगेत वाळू उडायली, अन् पुराचं नाव काढलं तर लोक हसायचे. सरजाबाई मात्र हसायची न्हाई. सरजाबाई म्हणजे लिंबाजी मास्तराची माय. ठेंगणी, सावळी, जिभेनं माझ्यासारखीच तिखट. दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता ती म्हणायची, "लय दिवस कोरडी राहिलेली नदी येती तवा सांगून येत न्हाई. आत्ताच काय ते ठरवा." लिंबाजी नुकताच बदली होऊन आमच्याच शाळेवर आला होता. त्यानं मायचं मनावर घेतलं. म्हाताऱ्या माणसांना घाटावर नेऊन कोणत्या साली पाणी कुठवर आलं ते विचारलं. पुढच्या दोन पावसाळ्यांत ओढ्यात खुणेचा बांबू रोवला अन् मनगटावरचं घड्याळ बघत छत्री घेऊन तासन् तास उभा राहिला. पोरं त्याला बगळा म्हणायची.

म्हाताऱ्यांच्या खुणा अन् खालच्या पायऱ्यांवर पाणी चढायचा वेग, यातून त्यानं हिशोब काढला तो असा. गंगेचं पाणी घाटाच्या वरून अकराव्या पायरीला लागलं, की तिथून सव्वा तासात ओढा गळ्याइतका भरतो. त्या पायरीवर त्यानं तेलाच्या रंगानं लाल रेघ ओढली. पाणी रेघेला लागलं की लगेच इशारा द्यायचा. वाडा रिकामा व्हायला पाऊण तास लागतो. अर्धा तास हातात राहतो, तो म्हातारेकोतारे, बाळंतिणी, शेरडं-करडं यांच्यासाठी.

ज्येष्ठात शाळेत बैठक भरली. पोलीस पाटील माणिकराव मधोमध, एका अंगाला गाव, एका अंगाला वाडा, मागं आमी बाया. दोर कोणी आणायचा, पांगळ्या माणसांना बाजेवर कोणी उचलायचं, शाळेत चूल कोणी पेटवायची, एकेका कामापुढं एकेक नाव लिहिलं गेलं. चुडाव्याच्या ठेसनातून रीतसर मागून आणलेला जुन्या रुळाचा तुकडा होता, तो इशाऱ्याला. तो बडवला की पार गावच्या शिवेपर्यंत ऐकू जायचा. तो टांगायचा कुठं अन् वाजवायचा कोणी? घाटावर घर आमचं. आमच्या सैपाकघराच्या खिडकीतून पायऱ्या दिसतेत. लिंबाजीनं आमच्या मालकांना विचारलं. मालक म्हणाले, मी दुकानात, पण घरातली बाई दिवसभर तिथंच असती, तिला सांगा.

मी हो म्हणणार, तेवढ्यात आमच्या सासूबाई खाकरल्या. चन्नबसम्मा खाकरली की सगळा गाव गप्प बसायचा. त्या म्हणाल्या, अन् ओटीचं काय?

ओटीचं असं, की गंगा घाटाच्या वरच्या पायऱ्यांना चढली म्हणजे लेक माहेराला आली. आमच्या घरच्या सवाष्णीनं पाच जणी सोबत घेऊन खाली उतरायचं, खण, नारळ, हिरव्या बांगड्या अन् तांदूळ घालून तिची ओटी भरायची. ओटी मिळाली की लेक समाधानानं माघारी फिरती. हा मान आमच्या घराचा, चार पिढ्यांचा. सासऱ्यांच्या माघारी तो सासूबाईंकडून माझ्याकडं आला, अन् माझ्याकडं आला तवापासून गंगा एकदाबी तेवढी चढली न्हाई. एक वर्ष झालं, दोन झाली, सात वर्षं झाली. गावातल्या बाया मला चिडवायच्या, शांतम्मा, तुपल्या हातची ओटी गंगेला नको दिसती. मी हसायची. आतून जळायची.

तर सासूबाईंचं म्हणणं, लेक दारात आली अन् तुमी लोखंड बडवून तिला हाकलणार? आधी ओटी, मग काय बडवायचं ते बडवा. गावातले चार जण माना डोलवायले. लिंबाजी काही बोलणार, तर त्याच्या आधी सरजाबाईच उठली.

"तुमची लेक बाळ घेऊन माहेराला आली की तुमी काय करता, चन्नबसम्मा? आधी उंबऱ्यातली लेकरं बाजूला घेता, मग भाकर-तुकडा ओवाळता. लेकरं तुडवून ओवाळत न्हाईत. आमी उंबऱ्यातच राहातो. आमाला आधी बाजूला घ्या, मग भरा की ओटी, दोन खण जास्त घाला."

बाया फिदीफिदी हसल्या. माणिकरावबी हसले. ठरलं, की आधी रूळ, मग ओटी. लिंबाजीनं कागदावर तसंच लिहिलं अन् पुढं माझं नाव घातलं. मी गळ्यातल्या लिंगाला हात लावून भर सभेत सांगितलं, पाणी रेघेला लागलं की मी रूळ वाजवीन. कोणी शपथ मागितली नव्हती. माझीच हौस.

नंतर सरजाबाईनं एक दिवस सगळ्यांकडून रंगीत तालीमबी करून घेतली. ऊन मी म्हणत होतं, ओढ्यात थेंबभर पाणी न्हाई, अन् तरणी माणसं म्हाताऱ्यांना बाजेवर घालून पळायली. बाजेवरची म्हातारी ओरडायली, अरे मला स्मशानात नेऊ नका. लोक हसून बेजार. सरजाबाई ओढ्याच्या पलीकडं उभी राहून एकेक घर बोटावर मोजत होती. शेवटचं घर पार झालं तवा ती आली. घड्याळात पाऊण तासाला दोन मिनिटं कमी होती. लिंबाजीला झालेला आनंद मी या डोळ्यांनी पाहिला.

आता ऐका. भादव्यात दोन दिवस झड लागली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापायली होते. खिडकीतून पाहिलं तर गढूळ पाणी लाल रेघेला चाटायलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. ते मला अजून तसंच दिसतं. हाताचं पीठ पुसलं, कोपऱ्यातली लोखंडी पहार घेतली अन् अंगणातल्या लिंबाखाली गेले. रूळ तिथं टांगलेला होता. पहार उचलली अन् मागून सासूबाईंचा आवाज आला, की शांतम्मा, गंगा दारात आलीय अन् तू हे काय करायलीस? आधी ओटी.

आता तुमी म्हणाल, सासूपुढं बिचारी काय करील. गप्प बसा. मी सासूला कवा भ्याले न्हाई. नको ते बोलून मी तिला दिवसातून दोनदा रडवायची. त्या दिवशी एक शब्द बोलले असते तर ती गुमान आत गेली असती. मी बोलले न्हाई, कारण मलाच ते पायजे होतं. रूळ वाजला असता तर सगळा गाव दोर अन् बाजा घेऊन ओढ्याकडं पळाला असता. घाटावर माझ्यासंगं कोण आलं असतं? सात वर्षांनी गंगा आली, अन् मी एकटीच पायरीवर उभी राहून ओटी भरायची, बघायला कुत्रंबी न्हाई? मनात म्हणलं, पाच मिनिटांचं काम. अर्धा तास तर हातात हायच. दुसऱ्याच्या वाट्याचा अर्धा तास मी माझाच समजले.

पहार लिंबाला टेकवली. डोक्यावरून पाणी घेतलं. पेटीतलं हिरवं रेशमी लुगडं काढलं. त्याची घडी मोडवत नव्हती, त्याला वेळ गेला. नथ सापडंना, तिला वेळ गेला. दुकानात खण मागायला गेले तर मालकांनी विचारलं, रूळ वाजवलास का? मी म्हणलं, वाजवितेच, आधी खण द्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, लुगड्याकडं पाहिलं, अन् खण दिला. नारळबी दिला. मग सवाष्णी गोळा करायला निघाले. एकीची वेणी चालू, एकीचं लेकरू रडायलं, एकीला सासू सोडीना. मी दारोदार हसत उभी. पाच जणी जमल्या, तवा मी घड्याळाकडं पाहिलं न्हाई. मुद्दाम पाहिलं न्हाई.

घाटावर आलो तर लाल रेघ दिसतच नव्हती. पाणी नवव्या पायरीवर. एकजण म्हणाली, अगं, रूळ वाजला का? मी म्हणलं, ओटी झाली की वाजवायचा. मग आमी वरच्या पायरीवर उभ्या राहून गंगेची गाणी म्हणायलो. पाचबी गाणी म्हणलो, एकबी गाळलं न्हाई. मी एकेक पायरी उतरले, खण सोडला, नारळ सोडला, बांगड्या सोडल्या. बाया म्हणाल्या, शांतम्मा, काय शोभायलीस. माझा ऊर भरून आला. वाड्याकडं मी एकदाबी पाहिलं न्हाई.

लिंबाखाली जाऊन पहार उचलली तवा घरात डोकावून घड्याळ पाहिलं. दहा वाजून दहा मिनिटं. तशीच रुळाकडं धावले. मी रूळ असा बडवला, की हाताची साल निघाली. बडवतच राहिले.

गाव धावला, त्यात कसूर न्हाई. ज्याचं जे काम लिहून दिलं होतं ते त्यानं केलं. पण ओढा तवर छातीइतका झाला होता. बाजा डोक्यावर घेऊन माणसं पार झाली, लेकरं खांद्यावर पार झाली, दोर धरून बाया पार झाल्या. पलीकडं सरजाबाई घरं मोजत होती. सगळी माणसं निघाल्याबिगर ती निघंना. ती पाण्यात उतरली तवा पाणी तिच्या डोक्यावरून चाललं होतं. अलीकडं दोराचं टोक लिंबाजीच्या हातात होतं. एक हिसका बसला अन् दोर हलका झाला. तो तसाच ओढत राहिला. माणिकरावांनी त्याच्या बोटांतून दोर सोडवला.

तिसऱ्या दिवशी सरजाबाई खाली दोन कोसांवर सापडली.

पिढ्यानपिढ्या त्यांच्या घरानं आमाला हाळी दिली. एकदाबी उशीर केल्याचं गावात कोणाला आठवत न्हाई. त्यांना हाळी द्यायची आमची पाळी एकदाच आली, अन् ती माझी होती.

पाणी ओसरल्यावर लिंबाजी घाटावर येऊन त्या लाल रेघेजवळ बसला. मी खिडकीतून बघत होते. माणिकराव त्याला उठवायला आले तर तो म्हणाला, रेघ चुकली पाटील, मी एक हात वर ओढली, मपल्याच हातानं माय बुडवली. त्याच घडीला मी खाली उतरून सांगायचं होतं. मी काय केलं? चहा पाठवला. घरातल्या कपात पाठवला, वेगळ्या न्हाई, अन् त्यातच मला लय मोठं काही केल्यासारखं वाटलं. थू माझ्या जिंदगानीवर.

सासूबाई म्हणायच्या, ओटी मिळाली म्हणून एकीवर भागलं. त्या पाच सवाष्णी जिथं तिथं सांगायच्या की पाणीच भसकन आलं. त्यांनाबी आपापलं लपवायचं होतं. मालक एकदाच बोलले, जेवताना, मान खाली घालून. म्हणाले, झालं ते झालं, तोंड उघडलंस तर इज्जत राहणार न्हाई, आपुन दुकानदार माणसं हाव. मग आमी ती गोष्ट घरात काढली न्हाई. लिंबाजीची बायको कुसुमबाई मीठ न्यायला यायची. मी मापाच्या वर मूठभर टाकायची. एकदा ती म्हणाली, मास्तरला जेवण जात न्हाई, रोज तेच आकडे मांडतेत अन् खोडतेत, कुठं चुकलं तेच सापडंना म्हणतेत. मी आणखी एक मूठ मीठ टाकलं. तिनं माझ्याकडं पाहिलं अन् वरचं मीठ परत ओतलं.

पुढच्या ज्येष्ठात पुन्हा बैठक भरली. वाडा तिथंच होता. उंचावर जागा देऊ असं सरकारी माणसं सांगून गेली होती, अन् सांगून गेली ती गेलीच. माझ्या मनात होतं, की कोणीतरी दुसरं काही ठरवील अन् मी सुटेन.

लिंबाजी उभा राहिला. दहा महिन्यांत तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. म्हणाला, माझा अंदाज चुकला, ती रेघ पुसतो अन् चार पायऱ्या खाली ओढतो. माणिकराव म्हणाले, मास्तर, तेवढ्या खाली तर पाणी दर पावसाळ्यात आठ-दहा डाव येतं. आठ डाव वाड्यानं बाजा उचलून पळायचं अन् काही व्हायचं न्हाई, तर नवव्या डावाला कोण पळेल? वाड्यातला एकजण म्हणाला, खरंय, कामधंदा सोडून कोण पळतंय. गावातला एकजण म्हणाला, मोजमापानं गंगा कळत न्हाई, मास्तर, हे आमी पहिलंच म्हणलं होतं. मग दोघं-तिघं म्हणायले, सोडूनच द्या ते रुळाचं, ज्याच्या त्याच्या नशिबावर ठेवा. लिंबाजीनं फळा पुसला. खडू हातात घेऊन तो उभाच राहिला. तो कागद आता फाटणार, हे मला दिसत होतं. अन् पुढच्या पुरात वाड्याला हाळी द्यायला येसकर न्हाई, रूळ न्हाई, कोणीच न्हाई. सगळं माझ्या एका हिरव्या लुगड्यापायी.

मी उठले. सासूबाईंनी माझा पदर धरला. मी तो ओढून घेतला, थोडा फाटला.

"रेघ बरोबर होती," मी म्हणलं. "उशीर मी केला."

सगळे मागं वळले. मी सांगितलं, पाणी रेघेला लागलं तवा नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. आधी ओटी भरली, मग रूळ वाजवला. आवाज चिरका आला माझा, पण सांगितलं.

अन् बघा माणसं कशी असतेत. कोणालाच ते नको होतं. मालक उभे राहून म्हणाले, हिची तब्येत बरी नसती, त्या दिवसापासून हिला काहीबाही वाटतं. माणिकराव मायेनं म्हणाले, बसा वैनी, सगळ्यांलाच दुःख हाय, पण तुमी कामून सोताच्या अंगावर घ्यायलाव? बायांत कोणीतरी म्हणलं, बिचारी. त्या बिचारीनं माझं डोकं फिरलं. मी म्हणलं, मी बिचारी न्हाई. त्या दिवशी माझ्या हातात खण कोणी दिला ते या माणसाला विचारा. रूळ वाजवलास का म्हणून यांनीच मला विचारलं होतं. मी काय सांगितलं ते यांना सांगू द्या.

मालकांनी मान खाली घातली. मग ते खाली बसले. एवढं पुरे होतं.

लिंबाजी पुढं आला. वाटलं मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं हळूच विचारलं, "रूळ वाजवला तवा किती वाजले होते?"

"दहा वाजून दहा."

तो फळ्याकडं वळला. सव्वा तास लिहिला, त्यातून एक तास पाच मिनिटं वजा केली. दहा मिनिटं उरली. त्यानं त्या दहाकडं लय वेळ पाहिलं. मग पोरांच्या बाकावर बसला अन् म्हणाला, "म्हणजे मी चुकलो नव्हतो." दोन्ही हातांनी तोंड झाकून तो रडायला लागला. भर सभेत, शाळेचा मास्तर, हुंदके देऊन. मायच्या मातीला रडला नव्हता तेवढा रडला. मी तिथं उभी राहून बघत होते. दहा महिने या माणसाला मी असं जाळलं, अन् मीठ जास्त देऊन भरपाई करायला निघाले होते.

शांत झाल्यावर त्यानं तोंड पुसलं अन् कागद पुढं ओढला. माझ्याशी एक शब्द बोलला न्हाई, रागाचाबी न्हाई. सगळ्यांना सांगितलं, अकरावी पायरी तशीच राहील. रूळ आता आमच्या घरी टांगायचा न्हाई, शाळेच्या ओसरीत टांगायचा. पावसाळ्यात घाटावर पाळीनं माणूस बसवायचा, एक गावातला अन् एक वाड्यातला, दोघं मिळून, म्हणजे एकाला दुसरं काही सुचलं तरी दुसरा थांबणार न्हाई. माझं नाव खोडलं. पहिल्या पाळीला वाड्याकडून कोण, म्हणून विचारलं तर कुसुमबाई म्हणाली, मी बसते.

मग ती माझ्याकडं वळली. आवाज चढवला न्हाई तिनं. सासूला, सरजाबाईला, ती आत्या म्हणायची.

"त्या दिवशी ओढ्याला पाणी वाढायलं होतं. मी आत्यांना म्हणलं, रुळाची वाट बघू नका, निघू आपुन. आत्यांनी घाटाकडं पाहिलं. वरच्या पायरीवर तुमी उभ्या होता, गाणी म्हणत. आत्या म्हणल्या, शांतम्मा बघ अजून निवांत हाय. तिनं लिंगाला हात लावून सांगितलंय. काही भ्याव असतं तर ती अशी उभी राहिली असती का? घाई करू नको, त्या बाजेवरच्या म्हातारीला भाकर खाऊ दे."

एवढं बोलून कुसुमबाई खाली बसली. लिंबाजी तिचं नाव लिहायला लागला. मला कोणी बस म्हणलं न्हाई, अन् मी बसले न्हाई.